लाइट लागतात, मग गाडी का सुरू होत नाही?

चावी फिरवली, डॅशबोर्ड उजळला, हॉर्न खणखणीत वाजला आणि सेल्फ मारला तर नुसतं खट्, किंवा खटखटखटखट. मग शेजारी उभा असलेला हमखास म्हणतो, लाइट लागतायत म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, दुसरंच काहीतरी बिघडलंय. मला वाटतं गाडीच्या बाबतीत याच्याइतका फसवणारा समज दुसरा नसेल.

हेडलाइटचे दोन 55 वॅटचे बल्ब मिळून जेमतेम 9-10 अँपिअर करंट खातात, स्टार्टर मोटर मात्र छोट्या इंजिनलासुद्धा 100 ते 200 अँपिअर मागते. आता समजा बॅटरीच्या टर्मिनलवर तो पांढरा-हिरवा थर चढलाय आणि त्यामुळे तिथे फक्त 0.05 ओहमचा रोध तयार झालाय. ओहमचा नियम शाळेत शिकलोय आपण, करंट गुणिले रोध. लाइट लावल्यावर तिथे अर्धा व्होल्ट गळतो, डोळ्याला कळतही नाही. पण स्टार्टरने 150 अँपिअर मागितले की हिशोबाने 7.5 व्होल्ट तिथेच संपायला हवेत, म्हणजे मोटरला तेवढा करंट मिळणं शक्यच नाही. बॅटरी म्हातारी झाली की हाच रोध तिच्या आत वाढतो, म्हणून काहीच न चालवता मोजलं तर मीटर 12.6 दाखवतो, एकदम फुल चार्ज, आणि सेल्फ मारला की 7-8 वर आपटतो. निरोगी बॅटरी त्या वेळी साधारण 9.6 च्या खाली जात नाही.

खटखट आवाजाचं कोडंही यातच सुटतं. स्टार्टरवर सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा स्विच असतो, करंट आला की तो आत खेचला जातो आणि मोटरचा जाड संपर्क जोडतो, मोटरने करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, भार गेला की व्होल्टेज परत वर येतं आणि तो पुन्हा खेचला जातो, हे सेकंदात कितीतरी वेळा होत राहतं!

मीटर नसेल तरी एक चाचणी करता येते. हेडलाइट लावून ठेवा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि कुणाला तरी समोर बघायला सांगून सेल्फ मारा. लाइट एकदम मंदावले तर बॅटरी किंवा टर्मिनल. एकच खट् आलं, लाइट तसेच प्रखर राहिले, तर करंट मोटरपर्यंत गेलेलाच नाही, सोलेनॉइडचे संपर्क किंवा मोटरचे ब्रश बघावे लागतील. आवाजच नाही तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज, क्लच पेडलचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर गिअरची जागा.

सेल्फ एका वेळी 10 सेकंदांच्या वर धरून ठेवू नका हे मात्र कळकळीने सांगतो. चार्ल्स केटरिंगने 1912 च्या कॅडिलॅकसाठी इलेक्ट्रिक स्टार्टर बनवला तेव्हाची मूळ कल्पनाच ही होती की मोटर काही क्षणच राबणार आहे, मग ती लहान ठेवून तिच्यावर जास्त भार टाकला तरी चालेल. आजचा स्टार्टरही तसाच, धरून ठेवला तर जळतो.

थंडीत त्रास वाढतो कारण बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोरही जास्त लागतो, दोन्ही बाजूंनी मार.

इंजिन झपाझप फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल गाडीत चावी ऑन केल्यावर मागच्या बाजूने दोन-एक सेकंद इंधनाच्या पंपाची गुणगुण ऐकू येते का ऐका, नसेल तर पंपाचा फ्यूज किंवा रिले. डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर गाडीने चावी ओळखलेली नाही, दुसरी चावी लावून बघा.

जंप देऊन, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून, गाडी चालू झाली की बहुतेक जण तिथेच थांबतात. (वायर जोडताना शेवटचं काळं टोक बॅटरीपासून लांब इंजिनच्या धातूला लावा, बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीने तो पेटू शकतो.) पण इंजिन चालू असतानाच बॅटरीवर मीटर लावा. साधारण 13.8 ते 14.4 दिसलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनित्र) बॅटरी चार्ज करतोय, आणि आकडा साडेबाराच्या आसपास असून खाली सरकत असेल तर नवीन बॅटरी टाकूनही गाडी पुन्हा बंद पडेल.