आधी साखर की आधी दात?

मधुमेही मांजराचे दात काढायचे म्हटले की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: "आधी शुगर ताब्यात येऊ दे, मग बघू." माणसांच्या ऑपरेशनबद्दल ऐकलेला सल्ला आपण मांजरालाही लावतो. तो निम्मा बरोबर आहे. निम्मा अशासाठी, की पुष्कळदा शुगर ताब्यात न येण्याचे कारण त्या तोंडातच असते.

मांजराच्या दातांना आपल्यासारखी कीड लागत नाही. त्यांचे नेहमीचे आजार दोन. पहिला हिरड्यांचा: दातावर कीटण साचते, त्याखाली जंतू वाढतात, हिरडी सुजते, सुटते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजत जाते. दुसरा जरा विचित्र आहे. शरीराच्याच पेशी दात विरघळवू लागतात. वरून हिरडीच्या कडेला जेमतेम एक लालसर ठिपका दिसतो, आत मूळ निम्मे नाहीसे झालेले असते. हे भयंकर दुखते, पण मांजर ओरडत नाही. ते एका बाजूने चावते, कोरडे खाणे तोंडातून पाडते, ताटलीपर्यंत येऊन परत फिरते. कोणता दात ठेवायचा आणि कोणता काढायचा हे एक्स-रेशिवाय ठरत नाही, आणि मांजराच्या दातांचा एक्स-रे भूल दिल्याशिवाय निघत नाही.

आता याचा साखरेशी संबंध. जुनाट दाह असला की रक्तात अशी रसायने फिरत राहतात, ज्यांमुळे पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. दुखण्याच्या ताणाने कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते, तेही साखर चढवते. मग डोस वाढत जातो आणि आकडा मात्र हलत नाही. मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या टाइप २ सारखा असतो. स्वादुपिंड थकलेले असते, पण नेहमीच पूर्ण बंद पडलेले नसते. म्हणून लवकर आणि नीट उपचार मिळालेल्या काही मांजरांचे इन्सुलिन चक्क सुटते. सडलेली दाढ तोंडात ठेवून ती शक्यता गमावणे मला तरी परवडणारे वाटत नाही.

तेव्हा साखरेचा आकडा सुंदर होईपर्यंत थांबायचे नाही, मांजर स्थिर होईपर्यंत थांबायचे. ते खाते आहे, वजन टिकून आहे, उलट्या नाहीत, अंगात पाणी पुरेसे आहे आणि लघवीत कीटोन (साखर वापरता येत नाही तेव्हा चरबी जाळून तयार होणारी आम्ले) नाहीत, एवढे जमले तर बेत आखता येतो. कीटोन सापडले तर मात्र दात बाजूला ठेवून आधी तेच बघायचे, कारण कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणे, जीव घेतो.

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत मूत्रपिंड, पोटॅशियम, रक्तदाब, हृदय आणि वयस्क मांजरात थायरॉइड हे यायला हवे. साखरेच्या एकट्या आकड्यावर मात्र विसंबू नये. पिंजरा, रिक्षा, शेजारच्या कुत्र्याचे भुंकणे एवढ्यावर निरोगी मांजराची साखरही ३०० च्या वर जाऊ शकते. म्हणून डॉक्टर फ्रुक्टोसामाइन ही रक्ताची तपासणी करायला सांगतात. त्यातून मागच्या साधारण दोन आठवड्यांची सरासरी कळते आणि दवाखान्यातली भीती त्यात उतरत नाही. घरी कानाच्या कडेला टोचून घेतलेले आकडेही लिहून न्यावेत. आपला ग्लुकोमीटर वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: माणसाच्या रक्तातली बरीच साखर तांबड्या पेशींत असते, मांजरात जवळजवळ सगळी प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात. माणसांचे यंत्र माणसाचा हिशेब धरते, त्यामुळे मांजराची साखर ते सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवते. यंत्र बदलत राहू नका आणि कोणत्या यंत्राचा आकडा आहे ते डॉक्टरांना सांगा.

सिरिंजबद्दल थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण हा धोका आपल्याकडे जास्त आहे. भारतातल्या मेडिकलमध्ये एका मिलिलिटरला ४० युनिटची इन्सुलिने मिळतात आणि १०० युनिटचीही. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. मांजरांना बरेचदा दिले जाणारे ग्लार्जिन हे इन्सुलिन १०० चे असते. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दोनच्या खुणेपर्यंत भरले, तर मांजराच्या अंगात दोनऐवजी पाच युनिट जातात. चार किलोच्या जिवाला, त्यात उपाशीपोटी, एवढी चूक पुरेशी आहे. ऑपरेशनच्या सकाळी डोस निम्मा करायचा असतो, तेव्हा अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज आधीच आणून ठेवावी.

त्या सकाळचा बेत डॉक्टरांकडून लिहून घ्या. रात्री बारानंतर काही नाही, ही जुनी पद्धत मधुमेही मांजरासाठी लांबच लांब ठरते. अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत अशा रुग्णांचा उपास दोन ते चार तासांवर आणलेला आहे. पाणी तोडायचे नाही. साधारण रीत अशी, की पहाटे थोडे मऊ खाणे, साखर मोजणे आणि इन्सुलिनचा निम्मा डोस. साखर आधीच कमी असेल तर डोस आणखी कमी किंवा अजिबात नाही, पण ते घरच्यांनी परस्पर ठरवायचे नाही. पहिला नंबर मागून घ्यावा, म्हणजे संध्याकाळपर्यंत मांजर घरी येऊन नेहमीच्या वेळेला जेवू शकते.

इन्सुलिनऐवजी लघवीतून साखर बाहेर टाकणारी ग्लिफ्लोझिन गटातली गोळी चालू असेल, तर ते भूलतज्ज्ञाला पहिल्यांदा सांगा. मांजरांसाठी बेक्सॅग्लिफ्लोझिनला अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. या औषधावर असलेल्या मांजराचे खाणे तुटले तर साखर जवळपास ठीक दिसत असतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. ते कधी थांबवायचे आणि कधी सुरू करायचे, हे आधी ठरलेले हवे.

भुलेत सगळ्यांना भीती असते वाढलेल्या साखरेची. पण काही तास साखर अडीचशेच्या आसपास राहिल्याने सहसा फार बिघडत नाही. ती घसरली तर मेंदू उपाशी पडतो, आणि जागेपणी दिसणारी लक्षणे, म्हणजे झोकांड्या, थरथर, फिट, झोपलेल्या मांजरात दिसतच नाहीत. म्हणून दर अर्ध्या ते एक तासाने रक्ताचा थेंब तपासायचा आणि गरज पडली तर सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) मिसळायचे. झायलाझिन, मेडेटोमिडीन ही झोपेची औषधे शरीरातले इन्सुलिन दाबून साखर वाढवतात, त्यामुळे त्यांचा वापर जपून. स्टेरॉइडचेही तसेच. दाढेच्या मुळाशी बधिरीकरणाचे इंजेक्शन दिले की वरची भूल कमी लागते.

(जाता जाता: तोंड उघडे ठेवायला स्प्रिंगचा चिमटा वापरणार का, हेही विचारून घ्या. मांजराच्या मेंदूला आणि डोळ्यांना रक्त पोचवणारी धमनी जबड्याजवळून जाते. तोंड फार ताणले की ती दबते, आणि काही मांजरे आंधळी होऊन शुद्धीवर आल्याच्या नोंदी आहेत.)

ब्रिटनमधल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण निरोगी मांजरांत ०.११ टक्के आणि आजारी मांजरांत १.४० टक्के निघाले. त्यातले निम्म्याहून अधिक मृत्यू ऑपरेशन संपल्यावरचे होते, बरेचसे पहिल्या तीन तासांतले. त्यामुळे टाके पडले की गाडी काढायची घाई नको. मांजर ऊबदार, जागे आणि मान धरून बसलेले दिसले पाहिजे.

घरी आल्यावर मऊ खाणे आणि दुखणे थांबवणारे औषध. मांजर जेवले नाही, तर नेहमीचा पूर्ण डोस टोचायचा नाही. डॉक्टरांना फोन करायचा. ते गळाठल्यासारखे झाले किंवा झोकांड्या देऊ लागले, तर हिरड्यांना थोडा मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळायचे आणि दवाखाना गाठायचा. फिट आली असेल तर तोंडात बोट घालू नका.

खरी सावधगिरी त्यापुढच्या आठवड्यांत लागते. दाह ओसरला की पेशी इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागतात, आणि काल कमी पडणारा डोस जास्त होऊ शकतो. पहिले दोन-तीन आठवडे घरी वरचेवर साखर मोजून आकडे डॉक्टरांना कळवत राहा, म्हणजे त्यांना युनिट वेळेवर उतरवता येतील.