घाटात दम तोडणारी काजळी

माझ्या चुलत भावाची पिकअप ओतूरहून कल्याणच्या बाजारात भाजी नेते. गेल्या पावसाळ्यानंतर ती परतीच्या वाटेवर, अगदी रिकामी असतानाही, माळशेज घाटात दम टाकायला लागली. तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी दुसऱ्यावर कण्हत होती आणि मागे काळ्या धुराचा लोट सोडत होती. ज्याला विचारावं तो म्हणे, डिझेलचा पंप उतरवा, डिझेल फवारणारे नोझल बदला. दोन्ही कामं महागडी. आमच्या मिस्त्रींनी मात्र पंपाला हातच लावला नाही. "दादा, आधी हवा कुठं अडते ते बघू," एवढंच म्हणाले.

काळा धूर म्हणजे पुरतं न जळलेल्या डिझेलची काजळी. ती होते तेव्हा डिझेल जास्त पडत असतं किंवा हवा कमी मिळत असते. हवेची बाजू तपासायला खर्च जवळपास नाहीच, म्हणून सुरुवात तिथून करावी. आणि हवा लागते तरी किती! अडीच लिटरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर टर्बोची, म्हणजे हवा दाबून आत भरणाऱ्या पंख्याची, मदत न धरताही मिनिटाला सुमारे २५०० लिटर हवा आत ओढतं. तिची वाट थोडी जरी अडली तरी चढावर लगेच जाणवतं.

मिस्त्रींनी एअर फिल्टर काढून उन्हात धरला. उजेड आरपार येत होता. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतच्या) रबरी होजवर हात फिरवला आणि भावाला रेस द्यायला सांगितलं. होज फाटला असेल तर हवा निसटल्याचा फुसफुस आवाज येतो, सांध्याला तेलाचा ओलावा दिसतो. इथे तसं काही नव्हतं. शेवटी गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि कोड आला पी०४०२. सायलेन्सरकडे जाणारा धूर गरजेपेक्षा जास्त प्रमाणात इंजिनात परत येतोय, असा त्याचा अर्थ. संशय गेला ईजीआर वॉल्ववर, म्हणजे धूर परत आत सोडणाऱ्या झडपेवर.

जळून बाहेर पडलेला धूर पुन्हा इंजिनात कशाला घालायचा, असं कुणालाही वाटेल. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो स्वस्थ बसतो, पण ज्वाळेचं तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ऑक्सिजनशी झपाट्याने जुळायला लागतो आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. ती फुफ्फुसांना त्रास देतात, शिवाय उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन बनतो. धुराचा थोडा वाटा ताज्या हवेत मिसळला की ऑक्सिजन पातळ होतो आणि धुरातली वाफ व कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषून घेतात. ज्वाळा थंड होते. हा वाटा किती आणि कधी घ्यायचा, ते ईजीआर वॉल्व ठरवतो.

अडचण अशी की त्या धुरासोबत काजळी येते आणि क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतून, तेलाची वाफही त्याच वाटेने येते. दोन्ही मिळून चिकटा होतो. तो भिंतीलाच का धरतो, यामागचं भौतिकशास्त्र मला फार आवडतं. गरम वायूत तरंगणाऱ्या काजळीच्या कणाला गरम बाजूचे रेणू जोरात धडकतात आणि थंड बाजूचे हळू. त्यामुळे कण थंड भिंतीकडे ढकलला जातो. १८७० साली जॉन टिंडल यांना तापलेल्या वस्तूभोवतीची हवा धुळीविना, स्वच्छ दिसली होती, त्याच्या मुळाशीही हेच बळ. कंदिलाची काच काळी पडते त्यातही त्याचा हात असतो.

वॉल्व काढण्याआधी इंजिन निवू दिलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. या गाडीत धूर थंड करणारा कूलर वॉल्वला जोडलेला होता, म्हणून थोडं कूलंटही काढून घ्यावं लागलं. तीन बोल्टांपैकी दोन सुटले, तिसरा हलेना. इथे घाई केली की बोल्टचं डोकं तुटून हातात येतं आणि तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं. मिस्त्रींनी गंज सोडवणारं तेल मारून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी तेल नीट पुसलं आणि हॉट एअर गनने बोल्टभोवतीचा भाग तापवला. बोल्ट पोलादाचा आणि बैठक अॅल्युमिनियमची. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे आट्यांची पकड सैल होते. बोल्ट आधी किंचित आवळला, मग सोडला, असं थोडं थोडं पुढेमागे करत शेवटी तो निघाला.

वॉल्वची टोपी अर्धवट उघडी, काजळीच्या गाठीवर अडकलेली होती. मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीच्या, तोंडात बोट घातलं तर डांबरासारखा थर, वर कोरडी पूड. पट्टी लावली: ५० मिलिमीटरचं तोंड जेमतेम ४० उरलं होतं. म्हणजे वाटेचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी घटलं. घर्षणाचा हिशोब त्याहून वाईट, कारण अशा खळाळत्या प्रवाहात नळी एवढी अरुंद झाली की तेवढीच हवा ओढायला सुमारे तिप्पट दाब लागतो.

साफ करताना हातमोजे आणि मास्क हवेतच. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केलं आहे. मिस्त्रींनी मॅनिफोल्डच्या आतल्या वाटेत चिंध्या कोंबल्या, म्हणजे खरवडलेली काजळी सिलिंडरात जाणार नाही. वॉल्व क्लीनर आणि नरम ब्रशने धुतला, पण त्याच्या मोटरला थेंबही लागू दिला नाही. स्क्रूड्रायव्हरने टोपीची बैठक खरवडू नये. ओरखडा पडला की वॉल्व पुन्हा कधी पुरता बंद होत नाही.

तेवढ्यात शेजारच्या गॅरेजवाल्याने सल्ला दिला की परत बसवता कशाला, पत्रा मारून वाट बंद करा. हे सर्रास चालतं आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं. काळा धूर कमी होतो, गाडी पीयूसीही पास होते, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइड्स मोजत नाहीत. डोळ्यांना न दिसणारा तो वायू मात्र वाढतो आणि बाजारात गाडीमागे उभ्या असलेल्या हमालाच्या छातीत जातो. भावाने पत्रा नाकारला, सांध्यात बसवायचं नवीन गॅस्केट आणलं.

वॉल्व बसवण्याआधी मिस्त्रींनी चिंध्या मोजल्या. चार आत गेल्या होत्या, चार बाहेर आल्या. मग बोल्ट आवळले, कूलंट भरलं, स्कॅनरवरून वॉल्वची बंद स्थिती नव्याने नोंदवली आणि भावाला म्हणाले, "मार चावी."