व्यापार वाटाघाटींतील गोपनीयता

दोन किंवा अधिक देशांचा व्यापार करार ठरत असताना मसुदे, प्रस्ताव आणि सवलतींची देवघेव सह्या होईपर्यंत जनतेपासून दूर ठेवण्याची प्रथा. आपण शेवटी कुठवर खाली येऊ हे समोरच्याला आधीच कळले तर सौदा हातचा जातो, हे तिचे समर्थन. ते रास्तही आहे. पण दोन्ही बाजूंच्या भूमिका एकत्र मांडलेला मसुदा समोरच्याकडे असतोच. तो झाकला जातो घरच्यांपासून, आणि खरा वाद तिथेच आहे.

अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्यात जुलै २०१३ मध्ये सुरू झालेल्या टीटीआयपी या व्यापार कराराच्या बोलण्यांत हा वाद सर्वांत तीव्र झाला. जर्मन खासदारांना एकत्रित मसुदा पाहायला मिळाला तो थेट फेब्रुवारी २०१६ मध्ये, तोही बर्लिनच्या अर्थमंत्रालयातील एका वाचनकक्षात. आठ संगणक, एका वेळी दोन तास, देखरेखीला माणूस. मोबाइल आधी जमा करायचा. हाताने टिपणे काढायला परवानगी, मजकूर जसाच्या तसा उतरवायला बंदी. मसुदा फक्त इंग्रजीत, कायद्याच्या किचकट भाषेत. आणि आत वाचलेले बाहेर बोलायचे नाही. मतदारांशी ज्यावर बोलता येत नाही ते वाचून लोकप्रतिनिधीने करायचे काय, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला आणि तो योग्यच होता.

युरोपीय संघाच्या वतीने बोलणी करणाऱ्या युरोपीय आयोगाने जानेवारी २०१५ पासून स्वतःचे प्रस्ताव प्रसिद्ध करायला घेतले होते, पण अमेरिकेची बाजू बंदच राहिली. २ मे २०१६ रोजी ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या नेदरलँड्स शाखेने मसुद्याची २४८ पाने उघड केली. मूळ प्रतीवरच्या खुणांवरून कागद पुरवणारा सापडू नये म्हणून सगळा मजकूर नव्याने टंकित केला होता. बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजासमोर काचेची खोली उभारून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचायला ठेवला गेला. त्याच वर्षाअखेर बोलणी थंडावली.

भारतात करारावर शिक्कामोर्तब सरकार करते. संसदेची संमती बंधनकारक नाही, त्यामुळे आधी मसुदा पाहण्याची संधी आणखी आक्रसते. आरसेप या आशिया-प्रशांत देशांच्या मुक्त व्यापार कराराच्या बोलण्यांच्या वेळी न्यूझीलंडची स्वस्त दूधभुकटी येईल या धास्तीने दूध उत्पादक विरोध करत होते, पण कोणत्या मालावरचे शुल्क किती उतरणार याचा अधिकृत कागद त्यांच्यापुढे नव्हता. भारत ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बाहेर पडला. उरलेल्या १५ देशांच्या कराराचा पूर्ण मजकूर नोव्हेंबर २०२० मध्ये, सह्या झाल्यावर, लोकांसमोर आला.