पीएसए ठीक आहे, मग नाना लग्नाला का येत नाहीत?

मे महिन्यात आमच्या यावल-रावेरकडे एकेका दिवशी तीन-तीन लग्नं असतात. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांच्या भाजीची पंगत चुकवणं माझ्या थोरल्या काकांना, नानांना, कधी जमलं नाही. त्या वर्षी मात्र ते ओसरीवरून हलेनात. मुंबईत प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन, ज्यावरून कॅन्सर उरलाय का ते कळतं, ०.१ च्या खाली, म्हणजे उत्तम. "गुडघे दुखतात," एवढंच सांगायचे. खरं कारण मला मागच्या दोरीवरच्या फडक्यांवरून कळलं. खाली वाकलं, शिंक आली, खाटेवरून उठलं, की लघवीचे थेंब सुटत. पांढऱ्या पायजम्यावर डाग दिसेल या धास्तीनं त्यांनी माणसांत जाणंच सोडलं होतं. तपासणीत डॉक्टर रिपोर्ट बघून "छान आहे" म्हणत. त्यांनी विचारलं नाही, नानांनी सांगितलं नाही.

हे थेंब म्हातारपणाचे नव्हते. प्रोस्टेट, म्हणजे पौरुषग्रंथी, लघवीच्या पिशवीच्या खाली असते आणि लघवीची नळी तिच्यामधून जाते. लघवी रोखायला आपल्याकडे दोन झडपा आहेत. वरची पिशवीच्या तोंडाशी, आपोआप चालणारी. खालची ग्रंथीच्या पलीकडे, आपल्या इच्छेनं आवळता येणारी. ग्रंथी काढताना वरच्या झडपेचा बराच भाग जातो आणि दोघींचं काम एकटीवर येतं. बादली उचलली की पोटातला दाब एकदम वाढतो, आणि सवय नसलेली खालची झडप तेवढ्यापुरती हार मानते. पण ती स्नायूची आहे, आणि स्नायू कमावता येतो. बहुतेकांना सहा महिने ते वर्षभरात मोठा फरक पडतो.

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ साली बाळंतपणानंतर लघवी न थांबणाऱ्या बायकांसाठी हा व्यायाम मांडला. पुरुषांनाही तोच लागू पडतो. चारचौघांत वायू अडवताना जसं आत ओढतो, तसं ओढायचं. बरोबर जमलं तर लिंगाचं मूळ किंचित आत जातं आणि वृषण वर उचलले जातात. पोट, मांड्या, ढुंगण सैल, श्वास चालू. पाच सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यायचं. नाना सुरुवातीला दम कोंडून पोट आवळत होते, त्यानं उलट खालचा दाब वाढतो. लघवी करताना मध्येच धार तोडून सराव करायची सवयही नको, पिशवी नीट रिकामी होत नाही. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे उठण्याआधी, खोकण्याआधी, वाकण्याआधी झडप आवळायची.

नानांची दुसरी चूक मला जास्त काळजीची वाटते, कारण ती आमच्याकडे जवळपास सगळेच करतात. त्यांनी पाणी तोडलं. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात असताना दिवसभरात तीन-चार पेले! पाणी कमी पडलं की लघवी गडद होते, पिशवीच्या अस्तराला झोंबते, घाई आणखी वाढते. वर मुतखड्याला आमंत्रण. तोडायचाच तर चहा तोडावा, कॅफिननं पिशवी चाळवते. पाणी दिवसा भरपूर आणि झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत कमी. वर्षभर मन लावून व्यायाम करूनही गळती राहिली तर कृत्रिम झडप बसवता येते. नळीभोवती पाण्यानं भरलेलं सिलिकॉनचं कडं असतं आणि वृषणाच्या पिशवीत छोटा पंप. खर्च मोठा आहे, पण १९७० च्या दशकापासून ती वापरात आहे.

ज्याबद्दल घरात चकार शब्द निघत नाही, ते म्हणजे ताठरता. ती आणणाऱ्या नसा ग्रंथीला अगदी चिकटून जातात. त्या कुठून जातात हे नेमकं कळल्यावर अमेरिकेतले सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली त्या वाचवणारं ऑपरेशन केलं. नसा वाचवल्या तरी ओढाताणीनं त्या बधिर होतात, आणि सावरायला दीड-दोन वर्षंही लागतात. वीर्य येत नाही, कारण ते तयार करणारे भागच काढलेले असतात, सुखाची संवेदना मात्र राहते. गोळ्या आहेत, हवा ओढून घेणारा पंप आहे, इंजेक्शन आहे. पण मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नये. हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असताना सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी घेतली, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जातो.

या कॅन्सरसाठी रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार, घेतलेल्यांचं वेळापत्रक वेगळं. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, शौचातून रक्त दिसू लागतं. किरणांनी शेजारच्या गुदाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू खराब झालेल्या असतात. माणूस ते मूळव्याध समजतो आणि इंजेक्शन मारणाऱ्याकडे जातो. कळवळून सांगतो, असं करू नका. त्या जागेचा रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा असतो. तिथं टोचलं, कापलं, अगदी तपासणीसाठी तुकडा काढला, तरी जखम महिनोन्‌महिने भरत नाही, भगंदरही होऊ शकतं. कोणत्याही डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की रेडिएशन झालंय. लघवीतून रक्त आलं तर तेही अंगावर काढू नये.

पुरुषी हार्मोन रोखणारं इंजेक्शन चालू असेल किंवा वृषण काढलेले असतील, तर त्रास सगळ्या अंगाचा. अमेरिकेतले सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं की पुरुषी हार्मोन तोडला की हा कॅन्सर आक्रसतो. त्यासाठी १९६६ चं नोबेल त्यांना मिळालं. पण हाच हार्मोन हाडं आणि स्नायूही राखतो. तो गेला की हाडं विरळ होतात, कमरेभोवती चरबी चढते, साखर वाढते, आणि मेंदूतलं तापमानाचं गणित बिघडून अंगातून वाफा निघतात. खानदेशातल्या उन्हाळ्यात त्या वाफा "ऊन लागलं" म्हणून कांद्याच्या रसावर निभावल्या जातात. त्या कमी करणारी औषधं मिळतात, मागायला हवीत. हाडांसाठी नुसतं कॅल्शियम पुरत नाही, वजन पेलणारा व्यायाम लागतो. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, रोज चालणं. थकव्यावरही तोच उपाय, पडून राहिलं की थकवा वाढतो.

पुढच्या तपासणीला मोठी आई, म्हणजे नानांची बायको, सोबत गेली आणि तिनं दुधाच्या हिशेबाची वही टेबलावर ठेवली. मागच्या पानांवर तीन दिवसांची नोंद होती: वेळ, काय प्यायले, काय करताना सुटली, फडकी किती. "दुपारी ४, चहा, शिंक, फडकं १." डॉक्टरांनी पीएसएचा कागद बाजूला सारला आणि पानं उलटली. सकाळी नाना जवळजवळ कोरडे होते, सगळी नोंद चारनंतरची. झडप बिघडलेली नव्हती, दिवसभर राबून संध्याकाळी थकत होती. त्यांनी दुपारी अर्धा तास आडवं व्हायला सांगितलं, चारचा चहा बंद केला आणि फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी दिली.