शिक्कामोर्तब झाल्यावरच पडदा उजळतो

‘जून २०२६ नंतर जुने संगणक सुरूच होणार नाहीत’ असा निरोप आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि लगेच दोघातिघांनी विचारलं, नवा घ्यायचा का? घेऊ नका. निरोपात खरं आहे ते एवढंच, की मायक्रोसॉफ्टच्या २०११ सालच्या एका प्रमाणपत्राची मुदत त्या महिन्यापर्यंतची आहे. बाकी सगळी फोडणी.

पण ते प्रमाणपत्र करतं काय, ही गोष्ट मात्र फार सुरस आहे.

बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स दिसेपर्यंतच्या काही सेकंदांत मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे तिथल्या चिपमध्येच बसवलेला प्रोग्राम, कारभार पाहतं. पूर्वी त्याला बायोस म्हणत, आता यूईएफआय. तुम्ही पुढे कोणतं ग्राफिक्स कार्ड किंवा नेटवर्क कार्ड खोचाल, हे मदरबोर्ड बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. म्हणून कार्ड स्वतःला चालवण्याचा छोटा प्रोग्राम स्वतःच्याच चिपमध्ये घेऊन येतं. हा ऑप्शन रोम. फर्मवेअर एकेका स्लॉटमध्ये डोकावतं, ५५ आणि एए या दोन बाइटांनी सुरू होणारा मजकूर सापडला की तो मेमरीत उतरवतं आणि चालवतं.

‘चालवतं’ म्हणजे कुठे? कार्डावर नव्हे, तुमच्या मुख्य प्रोसेसरवर, सर्वाधिकारांसह. तेव्हा अँटीव्हायरस अजून साखरझोपेत असतो.

यातला धोका डिसेंबर २०१४ मध्ये ट्रॅमेल हडसन या संशोधकाने हॅम्बुर्गच्या एका परिषदेत दाखवला. थंडरबोल्ट नावाच्या जोडणीला लावायचं साधं नेटवर्कचं अडॅप्टर घेऊन त्याने त्याच्या ऑप्शन रोममध्ये आपला प्रोग्राम घातला, आणि त्याच्या जोरावर मॅकबुकचं मूळ फर्मवेअरच बदललं. एकदा ते बदललं, की हार्ड डिस्क नवी घाला नाहीतर सिस्टिम पुन्हा टाका, काही उपयोग नाही. दसऱ्याला संगणकावर हळदकुंकू वाहायला माझी हरकत नाही, आमच्याकडेही वाहतात. पण कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधून आणि खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ छापून हा पाहुणा दारात अडत नाही. त्याला कागद दाखवा म्हणावं लागतं.

तो कागद म्हणजे सही. शिवकालीन पत्रांत वर मुद्रा असे आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ असा मोर्तब, म्हणजे खाली कुणी चार ओळी वाढवायला नकोत. सिक्युअर बूट म्हणजे सुरू होताना सही तपासूनच प्रोग्राम चालवू देणारी फर्मवेअरची सोय, आणि तिच्यातली सही याच घराण्यातली, फक्त ती शेवटाबरोबर प्रत्येक अक्षरही राखते.

कसं? रोममधला प्रोग्राम एसएचए-२५६ नावाच्या गणिती चरकातून काढायचा. मजकूर लहान असो की मोठा, रस निघतो बरोबर २५६ बिटांचा. मजकुरातला एक बिट बदला, रसातले साधारण निम्मे बिट पालटतात. याला आपण ठसा म्हणू.

आता माझा लाडका भाग. सही करणारा हा ठसा (थोडी भर घालून) एक प्रचंड संख्या मानतो, तिचा एका गुप्त घातांकापर्यंत घात करतो आणि दुसऱ्या एका संख्येने भागून उरलेली बाकी ठेवतो. बाकी म्हणजे सही. भाजक २०४८ बिटांचा असतो, दशमान पद्धतीत लिहिला तर ६१७ अंकी. तपासणाऱ्याला गुप्त घातांक लागत नाही. तो सहीचा उघड घातांकापर्यंत घात करून त्याच भाजकाने भागतो, आणि बाकी म्हणून मूळ ठसा परत हातात येतो! तो ताज्या ठशाशी जुळला, की सही खरी. उघड घातांक बहुतेक ठिकाणी ६५५३७ असतो. का? द्विमान पद्धतीत तो म्हणजे १, मग पंधरा शून्यं, मग १. त्यामुळे सोळा वेळा वर्ग करा, एकदा मूळ संख्येने गुणा, संपलं. सतरा गुणाकारांत काम. गुप्त घातांकाला दोन हजारांहून जास्त गुणाकार लागू शकतात. सही जन्मात एकदाच करायची आणि तपासायची रोज सकाळी, तेव्हा स्वस्त बाजू नेमकी हवी तिथे आली. मला हे दर वेळी वाचताना आनंद होतो, तुमचं डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

सही नुसती खरी असून भागत नाही, ती कुणाची हेही पाहिलं जातं. फर्मवेअरजवळ दोन याद्या असतात. निषिद्ध यादीत नाव निघालं तर तिथेच नकार, मान्य यादीत निघालं तर प्रवेश. कार्डांच्या बाबतीत मान्य यादीत बहुतेक घरी ते २०११ चं प्रमाणपत्र, म्हणजे मायक्रोसॉफ्टची सही ओळखायचा दाखला, बसलेलं असतं. आणि गंमत म्हणजे फर्मवेअर ही तपासणी करताना मुदतीची तारीख पाहतच नाही. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, त्याच्यावर विसंबून कुणाला अडवणार? म्हणून जुनं सही केलेलं कार्ड मुदत संपल्यावरही चालेल. नव्या कार्डांवर मात्र २०२३ च्या प्रमाणपत्राची सही येणार, तेव्हा ते यादीत घालणारे अपडेट घेऊन ठेवा. या खेपेला ऑप्शन रोमसाठी वेगळं प्रमाणपत्र काढलं आहे. आधी एकाच प्रमाणपत्राखाली कार्डंही येत आणि लिनक्सचे बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारे प्रोग्रामही, एकावर विश्वास ठेवायचा तर दुसऱ्यावरही ठेवावा लागे.

माझ्या एका मित्राला कुणाचीच मान्यता नको होती. त्याने यादीतली सगळी प्रमाणपत्रं पुसून फक्त स्वतःची सही ओळखणारी किल्ली घातली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. पंखे फिरले, पडदा काळाच. कारण पडद्यावर चित्र काढायला लागतो ग्राफिक्स कार्डाचा ऑप्शन रोम, आणि त्याच्यावर सही मायक्रोसॉफ्टची! नकाराचा निरोप दाखवायचं साधनच नाकारलं गेलं होतं. नशीब, त्याच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स होतं आणि त्याचा प्रोग्राम मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असतो. कार्ड उपटून केबल मदरबोर्डला लावली, सिक्युअर बूट बंद केलं, कार्ड परत बसवून यंत्र एकदा चालू केलं. टीपीएम या सुरक्षेच्या चिपच्या जोडीने ठेवलेल्या, सुरू होताना काय काय चाललं त्याच्या नोंदवहीत त्या खेपेला चाललेल्या रोमचा ठसा उतरला होता. सही करणाऱ्याच्या नावाऐवजी तो ठसाच उचलून मान्य यादीत घातला. तेवढ्यात दुपारचे चार वाजले होते आणि जेवण गार झालं होतं.