कच्च्या तेलातील हायड्रोकार्बने

कच्चे तेल म्हणजे हजारो संयुगांचे मिश्रण. वजनाने त्यात ८३ ते ८७ टक्के कार्बन आणि १० ते १४ टक्के हायड्रोजन असतो. गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि निकेल, व्हॅनेडियम यांसारखे धातू उरलेल्या थोड्या भागात येतात. घटक मूलद्रव्ये जवळपास तीच, तरी एखादे तेल पाण्यासारखे पातळ, तर एखादे डांबरासारखे घट्ट असते. कार्बनचे किती अणू एकत्र आले आणि ते कसे जोडले गेले, यावर हे ठरते. केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांना हायड्रोकार्बने म्हणतात, आणि त्यांचे प्रकारही या जोडणीवरूनच पाडतात.

पॅराफिनांत कार्बन अणूंची साखळी असते, सरळ किंवा फांद्या फुटलेली. मिथेनपासून ब्यूटेनपर्यंतची पॅराफिने वायुरूप, त्यापुढची द्रव, आणि साधारण १७-१८ कार्बनांपासून पुढे मेणासारखी घन असतात. मेण जास्त असलेले तेल थंडीत नळातच थिजते ते यामुळे. फांदीचा परिणाम पेंटेनमध्ये स्पष्ट दिसतो: सरळ साखळीचे पेंटेन ३६ अंश सेल्सिअसला उकळते, एका फांदीचे आयसोपेंटेन २८ अंशांना, तर निओपेंटेन साडेनऊ अंशांनाच. तिघांचे रेणुसूत्र मात्र एकच. पेट्रोल इंजिनात अकाली पेट न घेण्याची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजतात, आणि त्याची मोजपट्टीही याच कुळातली आहे. सरळ साखळीच्या हेप्टेनला शून्य आणि फांद्यांच्या आयसोऑक्टेनला १०० अंक दिलेला आहे.

नॅफ्थिनांत साखळीची टोके जुळून बहुधा पाच किंवा सहा कार्बनांचे वलय बनते. रशियन रसायनशास्त्रज्ञ मार्कोव्हनिकोव्ह यांनी १८८०च्या दशकात बाकूच्या तेलात या संयुगांचा अभ्यास केला. बऱ्याच तेलांत ती भरपूर असतात.

बेंझीन, टोल्यूइन, झायलीन ही ॲरोमॅटिक संयुगे. वलय यांतही असते, पण हायड्रोजन कमी. सायक्लोहेक्झेन ८०.७ अंशांना उकळते आणि बेंझीन ८०.१ अंशांना, त्यामुळे साध्या ऊर्ध्वपातनाने ही दोन वेगळी करता येत नाहीत. ॲरोमॅटिकांमुळे पेट्रोलचा ऑक्टेन अंक वाढतो. केरोसीनमध्ये मात्र त्यांच्यामुळे ज्योत काजळी धरते. बेंझीन कर्करोगकारक असल्याने पेट्रोलमधील त्याच्या प्रमाणावर मर्यादा घातलेली असते.

ॲस्फाल्टिने हे तेलातले सर्वांत जड, गुंतागुंतीचे रेणू. ती काटेकोरपणे हायड्रोकार्बने नव्हेत, कारण त्यांत गंधक, नायट्रोजन आणि ऑक्सिजनही असतात. टोल्यूइनमध्ये ती विरघळतात. तेलात हेप्टेन भरपूर मिसळले की मात्र त्यांचा काळपट साका खाली बसतो, आणि प्रयोगशाळेत त्यांची ओळख याच गुणावरून पटवतात.

ओलेफिने, म्हणजे कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असलेली हायड्रोकार्बने, कच्च्या तेलात जवळजवळ नसतातच. शुद्धीकरण कारखान्यात मोठे रेणू तोडताना ती तयार होतात.

वलयांच्या कुळातले होपेन विशेष लक्ष देण्याजोगे आहे. प्राचीन जीवाणूंच्या पेशीपटलातील द्रव्यांचा सांगाडा त्यात कोट्यवधी वर्षे टिकून राहिलेला असतो. त्याच्या निरनिराळ्या रूपांचे प्रमाण पाहून समुद्रात सांडलेले तेल कोणत्या उगमाचे आहे, याचा माग काढता येतो.