पार्श्वभूमी: स्क्विडला पाडणारा गोफर

जाहीर सुरक्षा त्रुटींच्या सीव्हीई यादीत सीव्हीई-२०२३-४६७२८ हा क्रमांक मिळालेली स्क्विड प्रॉक्सीमधली (प्रॉक्सी म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यातला मध्यस्थ) त्रुटी समजून घ्यायची, तर १९९१ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात गोफर हा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायची नियमावली, तयार झाला. मेन्यूंमधून वाट काढत फाइलपर्यंत पोचायचं, एवढंच त्याचं काम. वेब तेव्हा बाळसंच धरत होतं.

प्रॉक्सी सर्व्हरही साधारण त्याच काळातले. फायरवॉलच्या (नेटवर्कभोवतीच्या सुरक्षा भिंतीच्या) आतल्या ब्राउझरने प्रॉक्सीशी वेबच्या एचटीटीपी प्रोटोकॉलमध्ये बोलायचं आणि प्रॉक्सीने पलीकडच्या सर्व्हरशी त्याच्या प्रोटोकॉलमध्ये, मग तो फायली पाठवण्याचा एफटीपी असो वा गोफर. कोलोरॅडो विद्यापीठातल्या हार्वेस्ट प्रकल्पाच्या कॅशमधून (एकदा आणलेल्या फायलींची प्रत जवळ ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) १९९६ मध्ये स्क्विड निघाला, तेव्हा त्यालाही गोफर येणं रास्तच होतं.

पुढे गोफर ओसरला. इंटरनेट एक्स्प्लोररने २००२ मध्ये तो बंद केला (सुरक्षेच्याच कारणाने, हे विशेष), फायरफॉक्सने २०११ मध्ये. स्क्विडमध्ये मात्र तो मुक्कामाला राहिला, तोही डिफॉल्टनेच चालू. स्क्विडसोबत येणाऱ्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘सुरक्षित’ पोर्टांच्या (सर्व्हरशी जोडणी करायच्या क्रमांकित दारांच्या) यादीत गोफरचं ७० नंबरचं पोर्ट वर्षानुवर्षं होतं. वापरणारे नाहीत म्हणून तक्रारी नाहीत, आणि तक्रारी नाहीत म्हणून तो कोड उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही.

दोष स्वतःत किरकोळ होता. गोफर सर्व्हरकडून विशिष्ट उत्तर आलं की स्क्विड नल पॉइंटर (मेमरीत कुठेच न नेणारा रिकामा पत्ता) वापरायला जायचा आणि क्रॅश व्हायचा. असं उत्तर कुठल्याही गोफर सर्व्हरकडून, त्याच्या मनात काही वाईट नसतानाही, येऊ शकतं, हे प्रकल्पाच्या सूचनेतच म्हटलं आहे. यात डेटा चोरीला जात नाही. पण प्रॉक्सी पडला की त्याच्यामागे बसलेल्या सगळ्यांची कनेक्शनं एकदम तुटतात, आणि तीच विनंती पुन्हा पाठवली की तो पुन्हा पडतो.

२०२१ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने स्क्विडचा कोड तपासून ५५ त्रुटी नोंदवल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने यादी जाहीर केली, तेव्हा त्यातल्या ३५ दुरुस्त व्हायच्या होत्या. मोजक्या हातांवर चालणाऱ्या प्रकल्पाला दोष देणं सोपं आहे. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही.

गोफरपुरता निकाल ६.०.१ आवृत्तीतच लागला होता: गोफर हाताळायची सोयच काढून टाकली गेली. जुन्या आवृत्त्यांवर राहिलेल्यांसाठी तोडगा म्हणजे कॉन्फिगरेशनमध्ये दोन ओळी वाढवून गोफरच्या सगळ्या विनंत्या नाकारायच्या.